बर्फ कोणी आणायचा

गेल्या वर्षी लट्रीसला पाव आणायला सांगितलं होतं. यंदा बर्फ. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, डेव्हॉनच्या घराण्यात जुलैतल्या मेळाव्याला कोण काय आणतं यावरून माणसाची पत ठरते, आणि पावावरून बर्फावर आणणं म्हणजे पायरी दाखवणं, असं ती डेट्रॉइटभर गाडी चालवत स्वतःला सांगत होती.

कारणही तिला ठाऊक होतं; बर्फाचा निरोप शुक्रवारी आला होता. गुरुवारी तिने डेव्हॉनला तोंडावर सांगून टाकलं होतं, "घर दोघांच्या नावावर घेऊ, खर्च ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे वाटू. पण पार्लर माझ्या एकटीच्या नावावर राहील. लग्नाआधी वकिलाकडून तसं लिहून घ्यायचं."

तिचं बरोबरच होतं. पहिल्या नवऱ्याने गोड बोलून कागदावर नाव लावून घेतलं होतं आणि बिनसल्यावर तिचं जुनं पार्लर खुर्च्या-आरशांसकट विकायला लावलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पिणारच. पण डेव्हॉन "आईशी बोलतो" एवढंच म्हणून निघून गेला. चाळिशीतला बस-मेकॅनिक, आणि म्हणे आईशी बोलतो! माणूस लाखात एक होता. तो हातचा गेला तर काय, या विचाराने तिला तेव्हापासून झोप नव्हती, आणि पार्लर सोडायची तयारीही नव्हती.

बेल आयल बेटावरच्या बागेत पोचली तर झाडाखाली डेव्हॉनची आई, जिला सगळे आदराने मिस अर्लीन म्हणत, एकट्याच बसलेल्या. पुढ्यात मॅकरोनी-चीजचा, मेळाव्यातल्या सगळ्यात मानाच्या पदार्थाचा, हा एवढा मोठा ट्रे. डेव्हॉन पलीकडे कोळसे पेटवत होता.

"आलीस? ठेव तिथे."

लट्रीसला राहवलं नाही. "मिस अर्लीन, पार्लरचं ऐकलंत म्हणूनच मला पावावरून बर्फावर आणलंत ना?"

मिस अर्लीन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"अगं बाई! पाव उशिरा आला तर लोक थांबतात. बर्फ उशिरा आला तर कोंबडी नासते नि सगळं खानदान माझा उद्धार करतं. सख्ख्या लेकीला मी कधी बर्फ सांगितला नाही. महाराणी जेवणं झाल्यावर उगवतात!"

"मग पार्लरचं?"

"ते याच्याच तोंडून ऐक. ए डेव्हॉन! इकडे ये आधी."

तो हात पुसत आला.

"मला वाटत होतं, लग्न ठरलं की तू म्हणशील, पार्लरच्या कर्जावर सही कर. चुलतभावाच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिलो, तो पळाला, नि हप्ते मी फेडत बसलो. आत्ता कुठे सुटलोय. तू उलटंच बोललीस तेव्हा इतकं बरं वाटलं, की त्याचीच लाज वाटली. म्हटलं, बायकोच्या कर्जाला भिणारा हा कसला नवरा?"

"म्हणून आईकडे?"

"मी भित्रा आहे का, विचारायला."

"मी म्हटलं, भित्रा नाहीस. उशिरा शहाणा झालास," मिस अर्लीन म्हणाल्या.

लट्रीसचा जीव भांड्यात पडला. तिला हसू येत होतं आणि याला दोन लगावाव्यात असंही वाटत होतं.

"गाढवा, गुरुवारीच बोलायचं नाही का हे! आता सोमवारी दोघं जाऊ वकिलाकडे. आणि तेही लिहून घेऊ, एकमेकांना विचारल्याशिवाय कुणालाच जामीन राहायचं नाही."

"घेऊ," तो म्हणाला, आणि गुरुवारनंतर पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघून हसला.

आता लट्रीसला जरा जास्तच हिंमत आली. "मिस अर्लीन, मग पुढच्या वर्षी मॅकरोनी मी करू?"

डेव्हॉनचा चेहरा पडला. मिस अर्लीननी ट्रेवरचा चंदेरी कागद चारही बाजूंनी घट्ट दाबून बसवला.

"पोरी, पार्लर तुझ्या नावावर. घर दोघांच्या नावावर. मॅकरोनी माझ्या एकटीच्या. तू बर्फ आण."