व्हालच्या मुळाशी

निपाणीच्या मार्तंड डॉक्टरांच्या मोटारीचं पुढचं डावं चाक रोज सकाळी बसलेलं असायचं. ड्रायव्हर ज्योतिबा पंप मारून ते उभं करी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सन त्रेचाळीस चाललं होतं. रबर सगळं लढाईवर जात होतं आणि जादा चाक तर कधीच कामी आलं होतं.

ज्योतिबानं टायर उतरवून आतून तळहात फिरवला. खिळा नाही, काटा नाही. हवा भरायच्या व्हालला थुंकी लावून बघितली. फुगा धरला नाही. ट्यूब हौदात बुडवली, पाणी गप्प.

"मग हवा जाते कुठं रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्येच कळंना झालंय, सायेब."

तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी ध्यानात आलं, हौदात ट्यूब सैल असते, चाकात ती ताणून बसते. त्यानं गच्च हवा भरलेलं अख्खं चाकच पाण्यात सोडलं आणि उकिडवा बसून राहिला. लई वेळानं व्हालच्या मुळाशी मोहरीएवढा बुडबुडा आला. मग दुसरा. पितळेपासून रबर सुटत चाललं होतं. तिथं ठिगळ धरत नाही. नवी ट्यूबच हवी.

बेळगावला अर्ज गेला. माल शिल्लक नाही, असा कागद आला.

चैत्रात एका सकाळी कोगनोळीचा यल्लाप्पा धापा टाकत दारात आला. त्याची सून गुणाबाई रात्रीपासून अडली होती. त्याला घेऊनच मोटार निघाली. वाटेत दोनदा पंप मारला. गाव दोन मैलांवर असताना फुस्स झालं आणि मोटार एका अंगाला कलली. व्हाल मुळापासून उपटला होता.

"तशीच हाक," डॉक्टर म्हणाले.

"टायरच्या चिंध्या हुतील, सायेब. मग कुठल्याच गावाला जाता यायचं न्हाय."

डॉक्टरांनी यल्लाप्पाकडं बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "चालत जाऊया की."

डॉक्टर साठीचे, दम्याचे. दर झाडाखाली थांबत होते. ज्योतिबा बॅग घेऊन पुढं जाई आणि वाट बघत उभा राही.

अंगणात बाया जमल्या होत्या. सुईण मालुबाई उठून म्हणाली, "आत्ताच गेली. पोरगंबी गेलं."

तरी डॉक्टर आत गेले आणि तिचं मनगट धरून बराच वेळ बसले. ज्योतिबा उंबऱ्याबाहेरच राहिला.

ऊन कलल्यावर यल्लाप्पाच त्याच्याजवळ आला. "मोटार न्यायची कशी आता? टायरात कडबा कोंबत्यात म्हणं."

ही युक्ती ज्योतिबाला ठाऊक होती. मोटार कलली तिथंच बांधावर कडब्याची गंजी उभी होती आणि तिच्याकडं पाठ करून तो टायरची काळजी करत बसला होता.

यल्लाप्पा त्याच्याबरोबर मोटारीपर्यंत आला. पेंढ्या उसवून दोघांनी टायर भरला. "दाबून भर रं," यल्लाप्पा म्हणाला, "वाटंत मोकळा हुईल."

ज्योतिबाला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

डॉक्टरांना घेऊन मोटार बैलाच्या चालीनं निपाणीला पोचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चाकं काढून ती विटांवर चढवायला सांगितली. त्यानंतर कोगनोळीहून त्यांना बोलवायला कुणी आलं नाही.