संताच्या पायाखालचं अक्षर

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी अक्षर आहे. कुणीतरी एका बाजूने घास तोडलेल्या पोळीसारखा माझा आकार आणि स्पॅनिशमध्ये 'से' हे माझं नाव. 'कार्मेन' लिहिताना मी 'क' होतो आणि 'सिएलो' लिहिताना 'स'. सिएलो म्हणजे आकाश.

माग्दालेना नदीच्या काठी पुएर्तो नीस्पेरो गावात माझा जन्म झाला. चर्चचा जुना दरवाजा पुरात मोडला, तेव्हा सेनोन सुताराने त्याच्या फळीतून बत्तीस अक्षरं कापली. म्हाताऱ्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पाद्रेने कागदावर काढून दिलेल्या आकृत्या बघून त्याने आम्हाला घडवलं. स्वर तीन-तीन केले, पण मी मात्र एकटाच राहिलो, कारण तोवर फळी संपली.

गावाची एक रीत होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाचं नाव टेबलावर आमच्याकडून मांडायचं आणि जमलेल्या प्रत्येकाने त्याच अक्षरांतून एक नवा शब्द काढून बाळाला भेट द्यायचा. बाहेरचं अक्षर घ्यायचं नाही. वाईट शब्द दिसला तर गिळून टाकायचा, पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा नाही. काय दिवस होते ते! तळलेल्या मासळीचा वास, चिंचेचं सरबत, टेबलाभोवती ही दाटी, आणि चष्मे पुसत शब्द शोधणारे म्हातारे. शेवटचा शब्द धर्ममातेचा, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाला हातात धरणाऱ्या मानलेल्या आईचा. तो बाळाच्या टोपीवर रेशमाने भरला जायचा.

आमची पेटी नेरेइदाकडे असायची. ती गावातल्या बायकापोरांचे कपडे शिवायची आणि दिवसभर बडबडायची. शब्द शोधण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ओतिलिया तिची जिवलग मैत्रीण. ओतिलियाला मुलगा झाला, मार्सेलिनो, आणि नेरेइदा त्याची धर्ममाता झाली. आमच्याकडे आई आणि धर्ममाता एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. ते नातं सख्ख्या बहिणींहून घट्ट मानतात.

त्या दुपारी मार्सेलिनोची नऊ अक्षरं मांडली. कुणी त्यातून समुद्र काढला. कुणी लिंबू काढलं, तेव्हा "पोरगं आंबट निघणार" म्हणून सगळे हसले. पाद्रेने मला पुढे ओढून आकाश लावलं. मग नेरेइदाने बाह्या सरसावल्या, मला पहिल्या जागी ठेवलं आणि पाठोपाठ पाच अक्षरं जोडली. 'कामिनो'. म्हणजे वाट.

हसणं थांबलं. ओतिलियाचा नवरा आठ महिन्यांपूर्वी व्हेनेझुएलाच्या तेलविहिरींवर गेला होता. ना पत्र, ना निरोप. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष असेच वाटेला लागले होते.

"दुसरा शब्द काढ गं," ओतिलिया हळूच म्हणाली.

"सहा अक्षरांचा निघालाय, कोमाद्रे. एवढा मोठा आजवर कुणाला सापडलाय का?" नेरेइदा आपल्याच आनंदात होती. "आणि आता बोलून गेले, मागे कसा घेऊ?"

आवराआवर करताना ओतिलियाने मला गुपचूप एप्रनच्या खिशात टाकलं. घरी गेल्यावर तिने कोनाड्यातली संत आंतोनियोची मूर्ती उचलली, मला खाली ठेवलं आणि मूर्ती माझ्यावर उभी केली.

"ही वाट पायाखाली दाबून धर," ती संताला म्हणाली. "पोर माझ्यापाशी राहिलं तर दर मंगळवारी मेणबत्ती लावीन."

हसू नका तिला. मला तिची फार दया आली.

पुढच्या रविवारी मी हरवल्याची गावभर बोंब झाली. नेरेइदाने चिंध्यांची टोपली उपसली, मशीनखाली हात घालघालून शोधलं. "हजार बटणं सांभाळते आणि एक अक्षर सांभाळता येत नाही?" एफ्राइन नावाड्याने तिला सगळ्यांदेखत सुनावलं. पेटी तिच्याकडून काढून पाद्रेच्या कपाटात ठेवली. नवीन अक्षर कापावं, तर चर्चच्या दरवाजाचं लाकूड संपलेलं, आणि दुसरं लाकूड कुणाला चालेना. शेवटी माझी गरज पडेल अशी नावंच लोकांनी सोडून दिली. कितीतरी वर्षं गावात ना कुणी कार्लोस झाला, ना कुणी कार्मेन. त्या वर्षांतल्या एकाही बाळाला आकाश मिळालं नाही.

नेरेइदा पुन्हा कुठल्या बाप्तिस्म्याला गेली नाही. बायका टोप्या शिवायला टाकायच्या, शब्द मात्र दुसरीला विचारायच्या. ओतिलियाने तोंड उघडलं नाही. मी संताच्या टाचेखाली पडून दर मंगळवारची प्रार्थना ऐकायचो आणि टेबलावरचा तो गोंगाट आठवत राहायचो. माझा रंग गेला, एका कडेला वाळवी लागली.

मार्सेलिनो एकोणीस वर्षांचा झाला आणि एका सकाळी पिशवी घेऊन लाँचवर चढला. बारांकियाच्या गोदीत त्याला काम लागलं होतं. त्याला निरोप देऊन ओतिलिया घरी आली आणि तिने संताला उचलून बाजूला ठेवलं.

"एकोणीस वर्षं मेणबत्त्या खाल्ल्यास," एवढंच ती त्याला म्हणाली. मग मला मुठीत धरून ती थेट नेरेइदाकडे गेली.

नेरेइदा मशीनवर बसली होती. ओतिलियाने मूठ उघडली.

"बस," नेरेइदा म्हणाली. "कॉफी टाकते."

"अगं, बघ तरी माझ्या हातात काय आहे ते."

"बघितलंय. अक्षर हरवलं त्याच महिन्यात तुझ्याकडे आले होते, तर तुझा संत डावीकडे कललेला. मूर्तीखाली बोट घालून बघितलं."

"मग बोलली का नाहीस? गावाने तुला वेंधळी ठरवलं, पेटी काढून घेतली..."

"तुला त्यामुळे झोप लागत होती ना? मग झालं." नेरेइदाने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "आणि शब्द माझ्याच तोंडून गेला होता, कोमाद्रे. नवरा जाऊन तुझे डोळे सुकले नव्हते, आणि मी मेली अक्षरं मोजत बसले."

दोघी खूप रडल्या. कॉफी तशीच निवून गेली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ओतिलिया बाकावरून उठून उभी राहिली. "अक्षर नेरेइदाने हरवलं नव्हतं," ती म्हणाली. "मी चोरलं होतं."

मग मागून एफ्राइनचा आवाज आला. "आणि माझ्या पोराचं, तोबियासचं काय? त्याला मला कार्लोस म्हणायचं होतं. आता अठरा वर्षांच्या घोड्याचं नाव बदलू का?" सगळे हसले, पाद्रेसुद्धा. त्याच दुपारी ओतिलियाने पेटी स्वतः डोक्यावर घेऊन नेरेइदाच्या घरी पोचवली.

मित्रांनो, आता त्या दोघीही राहिल्या नाहीत. गावात वर्षाला एखाददुसरंच बाळ जन्मतं, आणि पेटी बहुतेक बंद असते. आम्हाला अधूनमधून ऊन दाखवा, तेल लावा, एवढी विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी. मी लाकूड, मला गप्प राहणं भाग होतं. त्या दोघींना तोंड होतं, एकमेकींवर जीव होता, तरी एकोणीस वर्षं गेली. तुमच्या हातून असं काही घडलं असेल, तर आजच जाऊन सांगून टाका. समोरच्याला बहुधा ते केव्हाच कळलेलं असतं, आणि तो फक्त तुमच्या येण्याची वाट बघत असतो.