चार वाजून दहा मिनिटं

भांडारातल्या नव्या बाईंची तक्रार तशी किरकोळ होती. कंपनीचा मेल उघडत नव्हता. पासवर्ड बरोबर घातला तरी पान फिरून पुन्हा पासवर्डच मागत होतं. असल्या दुखण्यांचा दुरुस्तीवाल्याला कंटाळा आला होता, कारण दहापैकी नऊ वेळा चुकतो माणूस आणि खापर फुटतं यंत्रावर. इथे मात्र बाईंची काही चूक नव्हती. संगणकाचं घड्याळच मागे पडलं होतं, आणि घड्याळ चुकलं की मेल आत घेत नाही, हे त्याला पाठ होतं. त्यानं तारीख-वेळ नीट लावली आणि मेल उघडला.

"एवढंच होतं होय?" बाई हसल्या. "उगीच तुमची पायपीट."

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. त्यानं आतला बटणाएवढा सेल बदलला. तिसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा कुठे त्यानं निरखून पाहिलं. घड्याळ मनाला येईल तसं मागे जात नव्हतं. रोज तोच मंगळवार, दोन महिन्यांपूर्वीचा, आणि चार वाजून दहा मिनिटं.

तो मंगळवार त्याला नको असताना आठवत होता. या टेबलावर तेव्हा काकू बसत, सगळ्या कंपनीच्या काकू. लेक दूरच्या गावी एकटी, तिचे दिवस भरत आलेले. तिकडे बदली मागण्याचा अर्ज मेलवरूनच, त्या दिवशी पाचच्या आत जायला हवा होता, आणि मेल उघडत नव्हता. चार दहाला काकूंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा शांत. "सावकाश या, मी बसलेय." त्याच्यापुढे नुकताच चहा आला होता. त्यानं तक्रारीपुढे 'निकाली' लिहिलं, उद्या बघू म्हणत चहा प्यायला, आणि गेलाच नाही. महिन्याभरात काकू भाड्याच्या खोलीत एकट्याच वारल्या. तान्हं बाळ घेऊन लेक सामान न्यायला आली तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, "आईनं अर्ज केलाच नव्हता का हो?"

"आमच्याकडे तरी त्यांची तक्रार बाकी नाही," तो म्हणाला होता. त्या उत्तराची त्याला अजून लाज वाटत असे.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं आपला संगणक बाईंच्या टेबलावर ठेवला आणि त्यांचा स्वतःकडे आणला, म्हणजे दोष यंत्रात आहे की जागेत, एवढं तरी कळेल. बाईंचा मेल पहिल्या झटक्यात उघडला. त्याच्याकडे आलेला संगणकही मुकाट चालू लागला. असे चार दिवस गेले आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पाचव्या दिवशी दुपारी चहा आला. तो कप उचलणार तोच पडद्यावरचा मेल मिटला आणि पासवर्ड मागणारं पान आलं. त्यानं कोपऱ्यात पाहिलं. मंगळवार, चार दहा. शेजारी तक्रारींची यादी उघडी होती. तीत एकच तक्रार होती, आणि तिच्यापुढचा 'निकाली' हा शब्द गेला होता.

फोन वाजला. नंबर भांडाराचा होता. बाईच असतील, असं त्यानं स्वतःला दोनदा बजावलं.

"येतो, आत्ता येतो," काही ऐकण्याआधीच तो म्हणाला.

"सावकाश या," तो शांत आवाज म्हणाला. "मी आता कुठे जातेय?"