मी वडूजची घोंगडी आणि लिंबावरच्या गांधीलमाश्या

आधी एक गोष्ट कानात घालून ठेवते, मित्रांनो. मी चादर नाही, रग नाही आणि ते गुलाबी फुलांचं मऊमऊ ब्लँकेट तर मुळीच नाही. मी घोंगडी आहे. जुनी आहे, काळी आहे, एका टोकाला उसवलेली आहे, पण घोंगडी आहे. अंगाला टोचते म्हणून नाकं मुरडायची असतील तर खुशाल मुरडा. माझी गोष्ट ऐकून झाल्यावर ती नाकं आपसूक जागेवर येतील.

माझा जन्म वडूजचा. खटावच्या कोरड्या माळावर चरणाऱ्या काळ्या मेंढ्यांची लोकर माझ्या अंगात आहे. ऊन खाऊन आणि वारा पिऊन वाढलेली ती लोकर! नाजूकपणा कशाशी खातात हे तिला ठाऊकच नाही. ती कातरली, पिंजली, बायकांनी तिचं सूत काढलं आणि दादासो नावाच्या सनगराने मला मागावर विणलं. घोंगड्या विणणं हे सनगरांचं पिढीजात काम. विणून झाल्यावर दादासोने मला चिंचोक्याची खळ पाजली. ती अंगात मुरली आणि मी अशी ताठ झाले, की उभी केली तर भिंतीला न टेकता उभी राहीन! बरं, थोडं वाढवून सांगितलं. पण पाऊस माझ्यावर पडला की घरंगळून खाली जाई, हे मात्र अगदी खरं.

मला घरी आणलं लालासाहेबांनी. ते शिराळ्याकडचे ऊसवाले शेतकरी. वडूजच्या बाजारात बैल बघायला आले होते. बैल पसंत पडला नाही, मी पडले. "ही बरी. हिला वैरन घालाय लागत न्हाई," असं दादासोला म्हणाले आणि मला खांद्यावर टाकून निघाले. मला तेव्हा रागच आला होता. बैलाशी बरोबरी! पण त्या खांद्याची पुढे अशी सवय झाली, की दुसरी जागा गोडच लागेना.

उसाला पाणी पाजताना मी त्यांच्या अंगावर. बांधावर भाकरी खाताना मी त्यांच्या बुडाखाली. पावसात मी त्यांच्या डोक्यावर, खोळ होऊन. खोळ म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नसेल. घोंगडीचं एक टोक आत दुमडून तिची टोपी करायची, ती डोक्यावर चढवायची आणि उरलेलं अंग पाठीवर सोडायचं. माणूस डोक्यापासून पोटरीपर्यंत झाकला जातो. तुमच्या रेनकोटला ही ऐट कुठून यायची?

पण माझं खरं नाव झालं ते गांधीलमाश्यांमुळे. कुणाच्या परसात, कुणाच्या गोठ्याच्या आढ्याला त्या तांबड्या माश्यांनी घर केलं, की माणसं लालासाहेबांना बोलवायला येत. गांधीलमाशी डसली की भलेभले बोंब मारतात. लालासाहेब मात्र घाई करत नसत. दिवेलागणीला, सगळ्या माश्या घरात परतल्या की जात. मला दुहेरी करून खोळ घेत, गोवरीचा धूर करत आणि सावकाश आपलं काम उरकत. आग कधी लावत नसत. "जाळ केला की माशी बाहीर सुटती, धूर केला की आत दडती," असं ते म्हणत. काम झालं की लोक त्यांना चहा पाजत आणि त्यांच्या धाडसाचं कौतुक करत. त्यावर ते माझ्यावर थाप मारत आणि म्हणत, "माझं कसलं धाडस? धाडस हिचं." अशा वेळी माझी छाती फुगे. घोंगडीला छाती असते का, असं विचारू नका. मला होती.

मग लालासाहेब गेले, आणि माझे दिवस फिरले. घरात कपाटं आली, गाद्या आल्या, ती गुलाबी ब्लँकेटं आली. मला म्हणे टोचण्याची खोड! मी आधी ट्रंकेत गेले, मग माळ्यावर, आणि शेवटी परसात, अंगणाला लागून असलेल्या छपरात, कडबाकुट्टीच्या मशिनीवर झाकण म्हणून. गुरांची वैरण बारीक करणारं ते मशीन, त्याचं पांघरूण मी! वर आणखी एक कोंबडी रोज माझ्यावर बसून अंडं घालायची. मी काय बोलणार? दिवस वाईट असले की कोंबडीही डोक्यावर बसते. त्यातून कुणाचं काम रखडलं की माणसं म्हणतात, "भिजत घोंगडं पडलंय." का हो? भिजतो तसे वाळतोही आम्हीच की!

असो. आता त्या दिवसाचं सांगते.

लालासाहेबांच्या बायकोचं नाव बनुबाई. त्यांना दोन मुलं. ऋषिराज फौजेत आहे, आणि अंकिता उंब्रजला दिलेली. मागच्या वर्षी अंकिताला सासरच्या मळ्यात एक गांधीलमाशी डसली. एकच! पण तेवढ्याने पोरीचं तोंड सुजलं, गळा आवळला, श्वास लागेना. कराडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती वाचली. पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की पुन्हा डसली तर जिवावर बेतेल. सोबत ठेवायला एक इंजेक्शन दिलं. ते ती कायम पर्समध्ये ठेवते.

या श्रावणात ती पंचमीला माहेरी आली. ऋषिराजही सुट्टीवर आला. पंचमीचा आदला दिवस म्हणजे भावाच्या उपासाचा दिवस. अंकिताने सकाळपासून भावासाठी उपास धरलेला. बहिणीच्या उपासाने भावाला भरून आलं. तो अंगणात दोर घेऊन आला आणि ओरडला, "अंके, असा झोका बांधतो बघ, शेंड्यावरनं उंब्रज दिसंल!"

अंगणात लिंबाचं मोठं झाड आहे. दरवर्षी झोका त्याच्याच आडव्या फांदीला. फांदी उंच, म्हणून दोराच्या टोकाला दगड बांधून तो वरून फेकायचा, ही या घरची जुनी रीत. ऋषिराजने वर न बघताच दगड भिरकावला. वर बघायचं कशाला? पिढ्यान्‌पिढ्यांची फांदी! पण त्या फांदीच्या बेचक्यात एक ढोली होती, आणि त्या ढोलीत या उन्हाळ्यापासून गांधीलमाश्या राहत होत्या. मला ते ठाऊक होतं. मशिनीवर पडल्यापडल्या मला दुसरा उद्योग काय होता? पण मला विचारतो कोण! दगड नेमका ढोलीवर बसला.

मग काय, जणू झाडच पिसाळलं. माश्यांचा लोंढा बाहेर आला. ऋषिराजला भुवईवर एक, मानेवर एक, हातावर तर किती कोण जाणे. शत्रूसमोर न हटणारा गडी दोर टाकून परसाच्या छपरात पळत आला. बनुबाई तिथेच वैरण गोळा करत होत्या.

"आई, थांब तू. डिझेल कुठं हाय? टेंभाच लावतो त्यांच्या घराला!" तो दातओठ खात म्हणाला आणि छपरातला कॅन त्याने उचललाही.

बनुबाईंनी त्याचा हात धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आरं लेकरा, जाळ केलास तर समद्या सैरावैरा सुटतील. अंकी न्हायला गेलीया!"

ऋषिराजच्या हातातला कॅन खाली पडला. अंगणाच्या पलीकडे, बरोबर लिंबाखाली, पत्र्याची न्हाणी. तिला छप्पर नाही. आत अंकिता. पर्स घरात. आणि मधे सगळं अंगण माश्यांनी भरलेलं.

"अंके!" ऋषिराज ओरडला. "आतच बस! हालू नको!"

आतून तिचा आवाज आला, "दादा, दोन आत आल्यात रं!" तो आवाज ऐकून माझ्या धाग्याधाग्यावर काटा आला, मित्रांनो.

"मी जातो," म्हणत तो निघाला. बनुबाईंनी त्याला मागे ओढलं. "तुला डसल्यात त्या. त्यांचा वास लागलाय तुझ्या अंगाला, समद्या तुझ्यावरच येतील आन् तिच्यापतुर घिऊन जाशील. तू तिची पर्स काढ, आन् गाडी मागल्या दाराला लाव. मी जाती."

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

एका हिसक्यात मी मशिनीवरून निघाले. कोंबडी केकाटत उडाली. जाऊ दे तिला! बनुबाईंनी मला झटकलं, दुहेरी केलं, टोक आत दुमडलं आणि खोळ डोक्यावर चढवली. नवऱ्याला आयुष्यभर खोळ घेताना पाहिलेलं त्यांनी. दुमड अचूक पडली.

आम्ही अंगणात उतरलो. माश्या माझ्यावर आदळू लागल्या. टप, टप, टप. गारा पडतात तशा. एक पाठीवर, एक टोपीवर, मग मोजदादच नाही. त्यांनी नांग्या मारल्या, पुन्हा मारल्या. पण खटावच्या मेंढीची लोकर आहे ही! वर दुहेरी घडी. एकीचीही नांगी बनुबाईंच्या पाठीपर्यंत पोचली नाही. पाय मात्र उघडे होते. एक माशी त्यांच्या घोट्याला डसली. बाई जागच्या जागी थबकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ना मला झाडलं ना पाऊल भराभर टाकलं. पळणाऱ्याच्या मागे माश्या लागतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सावकाश, एकेक पाऊल, त्या न्हाणीपाशी पोचल्या.

आत अंकिता कोपऱ्यात बसली होती. साडी कशीबशी गुंडाळलेली, ओल्या केसांवरून टॉवेल घेतलेला. दोन्ही माश्या पत्र्यावर फिरत होत्या.

"ये माझ्या पोटाशी," बनुबाई कुजबुजल्या. "हात झाडू नको. वराडू नको. मी चालती तशी चाल."

त्यांनी माझी बाजू उघडली आणि लेकीला आत घेतलं. दोघी माझ्याखाली. बनुबाईंनी आपला पदर सोडून लेकीच्या पायांवर धरला. ओल्या केसांचं पाणी माझ्या अंगात मुरत होतं आणि दोन काळजं माझ्याखाली धडधडत होती. आम्ही परत निघालो. अर्ध्या अंगणात एक माशी दुमडीतून आत घुसली. सरळ अंकिताच्या मानेकडे! अंकिताने डोळे गच्च मिटले. मी काय करू शकत होते? मी हलू शकत नाही, ओरडू शकत नाही. पण माझी लोकर खरखरीत आहे. माशीचे पाय त्या लोकरीत अडकले. ती फडफडली, भणभणली, वाकडी झाली. जितकी धडपडली तितकी गुंतत गेली. मानेपासून बोटभर अंतरावर ती गुणगुणत होती, आणि मी तिला सोडली नाही. या जन्मात केलेल्या सगळ्या कामांत हे काम पहिल्या नंबराचं, असं मी छातीठोकपणे सांगेन.

आम्ही घरात शिरलो आणि दार लागलं. ऋषिराजने मला ओढून काढलं आणि ती अडकलेली माशी चपलेने चिरडली. बनुबाईंनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ओठ बघितले, गळा बघितला, मान चाचपली.

"डसली का गं? बोल की! काय तरी बोल!"

अंकिताने मोठा श्वास घेतला. अगदी पोटातून. मग म्हणाली, "आई... ही घोंगडी लय टोचती गं."

बनुबाई हसल्या की रडल्या, ते मला कळलं नाही. दोन्ही एकदमच चाललं होतं.

संध्याकाळपर्यंत मागलंच दार वापरात होतं. दुसऱ्या दिवशी पंचमी. पंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, तळत नाहीत, खणत नाहीत, जिवाला धक्का लावत नाहीत. तेव्हा जे करायचं ते आदल्या दिवशीच उरकायला हवं होतं. दिवेलागणीला माश्या ढोलीत परतल्या, तेव्हा ऋषिराजने मला अंगावर घेतलं. पायांत गमबूट, हातांत मोजे, तोंडाला फडकं. बनुबाई दारातून एकेक गोष्ट सांगत होत्या. "धूर आधी. हां. आता थांब. आता चिखोल लाव, जाड लाव." गोवरीच्या धुराने माश्या आत दडल्या आणि शेणमातीच्या चिखलाने ढोलीचं तोंड बंद झालं. बनुबाईंनी तिथूनच हात जोडले. "बायांनो, राग धरू नगा. तुमचं बी घर हुतं, पन माझी लेक हाय."

पंचमीच्या सकाळी ऊन पडलं. बनुबाईंनी मला आतबाहेर झटकून अंगणातल्या भिंतीवर पसरलं, आणि घडीत ठेवायला लिंबाचा पाला काढून ठेवला. तो पाला असला की लोकरीला कसर लागत नाही. मित्रांनो, आम्हा जुन्यांची एवढीच मागणी असते. कधीमधी ऊन, थोडी झाडझूड, उसवलं तिथे दोन टाके. आम्हाला डोक्यावर बसवा असं मी म्हणत नाही. पण कोंबडीच्या बुडाखालीही टाकू नका!

झोका बांधला होता. दगड न फेकता, शिडी लावून. गल्लीतल्या पोरीबाळी जमल्या होत्या. ऋषिराजचा एक डोळा सुजून मिटला होता आणि त्याच अवतारात तो झोका हलवून बघत होता. पण अंकिता उंबऱ्यातच उभी. तिची नजर फांदीवरून हटेना. पोरी बोलवत होत्या, ती मान हलवत होती.

बनुबाई लंगडत तिच्याजवळ गेल्या. "तुझ्या माहेरचं आंगन हाय हे. माश्यांच्या नावावर करून जानार व्हय?"

अंकिता हसली. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि फळीवर जाऊन बसली. ऋषिराजने पहिला झोका अगदी हळू दिला.

"एवढाच जोर व्हय रं फौजीला?" ती म्हणाली.

मग झोका वर गेला. आणखी वर गेला. आणि लिंबाच्या शेंड्याजवळून तिचा आवाज आला, "दादा, आजून! आजून जोरात!" गळा कसा मोकळा, खणखणीत! भिंतीवर पडल्यापडल्या मी तो ऐकला. आता तुम्ही मला जुनी म्हणा, काळी म्हणा, टोचरी म्हणा. मला आता कशाचंच वाईट वाटत नाही.