पक्ष्याचा आवाज कुणी गिळला?

मी एक जुना इयरबड आहे, मित्रांनो. जोडीतला उजवा. डावा माझा सख्खा भाऊ, पण तो अबोल. तेव्हा दोघांचीही हकिगत मीच सांगतो.

आमचा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. चिंचोक्याएवढा माझा जीव, पण त्यात बॅटरी आहे, आवाजाचा पडदा आहे आणि बारीक बारीक माइकही आहेत. एक माइक बाहेर तोंड करून बसतो. ट्रामची घरघर त्याने ऐकली रे ऐकली की मी तिच्या नेमकी उलटी लाट सोडतो. दोन्ही लाटा एकमेकींना भिडतात आणि विरून जातात. माणसाला वाटतं, काय ही शांतता! याला नॉइज कॅन्सलिंग म्हणतात आणि याच गुणावर आम्ही महाग विकले जातो. दुसरा माइक आत, कानाकडे तोंड करून बसतो. आपण पाठवलेला आवाज कानाच्या दारापर्यंत पोचला की नाही, ते तो पाहतो. दाराच्या आत काय होतं ते मात्र आम्हाला दिसत नाही. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्यावर आळ आला तो इथेच.

आम्ही विकले गेलो नाही. तपासणीसाठी आम्हाला दूर उत्तरेकडच्या ट्रॉनहाइम शहरात गुन्वोरबाईंकडे पाठवलं गेलं. ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात त्या अशा वस्तूंची तुलना लिहीत. उभ्या देशात त्यांच्या कानाला मान होता. त्यांनी चांगलं म्हटलं की दुकानातला माल संपायचा आणि त्यांनी नाक मुरडलं की तो तसाच पडून राहायचा. त्यांना त्याचा गर्व होता आणि तो त्यांना शोभतही असे.

त्या वर्षी आम्ही चार जोड्या होतो, सगळ्या नामांकित घराण्यांच्या. नाव बघून मन झुकू नये म्हणून त्यांचा नवरा टोर्गाइर प्रत्येकाच्या नावावर रंगीत चिकटपट्टी लावायचा. तो जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, शांत माणूस होता. आम्हाला पिवळी पट्टी मिळाली.

मग परीक्षा सुरू झाली. गुन्वोरबाई आम्हाला ट्राममध्ये नेत, पुलावरच्या वाऱ्यात उभ्या राहत, स्वयंपाकघरातला पंखा लावून बहिणीला फोन करत. लाल जोडी घरघर अगदी पुसून टाकायची, पण कानात दडे बसवायची. निळीवर फोनचं बोलणं सगळ्यांत स्वच्छ, पण बाई बुटाची नाडी बांधायला वाकल्या की एक बड टपकन खाली. हिरवीची बॅटरी संपता संपत नसे, मात्र तिची डबी साबणाच्या वडीएवढी. आणि आम्ही? आम्ही कानात सुखाने बसायचो, गाणं गोड ऐकवायचो, पण वाऱ्याचं आमचं जमत नसे.

"पिवळ्याला वारा लागला की दमा होतो," बाई म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण खरं होतं ते.

शेवटची परीक्षा नेहमी एकाच ध्वनिमुद्रणाची असे. फार वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या जंगलात बाईंनी ते स्वतः केलेलं. त्यात ओढा आहे, टोर्गाइरचं खोकणं आहे, थर्मासमधून कॉफी ओतल्याचा आवाज आहे आणि शेंड्यावर गाणारा एक पक्षी आहे. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर पिवळी रेघ. तिकडची माणसं त्याला पक्ष्यांचा राजा म्हणतात. त्याचा आवाज सुईसारखा बारीक आणि फार उंच. वय झालं की माणसाच्या कानातून सगळ्यांत आधी तोच जातो. म्हणून साठीच्या वाढदिवसाला मित्र हमखास टोमणा मारतात, "काय रे, राजा अजून बोलतो का तुझ्याशी?" बाईंची साठी जवळ आली होती. कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "आधी माझ्याशी बोलतो, मग वेळ उरला तर तुमच्याशी."

त्यांनी लाल जोडी कानात घातली, ध्वनिमुद्रण लावलं आणि कपाळाला आठी घातली. मग निळी. मग हिरवी. शेवटी आम्ही. मी जीव ओतून वाजलो, मित्रांनो. ओढा वाजवला, कॉफी ओतली, राजाचं गाणं अगदी टोकापर्यंत नेलं. आतल्या माइकने सांगितलं, पोचलं, सगळं पोचलं. आणि बाईंनी मला कानातून उपटून टेबलावर आपटलं.

"यानेही गिळला!"

भांडी पुसता पुसता टोर्गाइरने मागे पाहिलं. "काय गिळलं?"

"राजा! चौघांनीही. गोंगाट घालवता घालवता पाखरू खाल्लं मेल्यांनी!"

"अगं, पण हे घरघर घालवतात, चिवचिव नाही, असं तूच मला शिकवलंस ना?"

"ते जुन्यांचं. यांच्यात आता नको तेवढी अक्कल भरली आहे."

"मग ते बंद करून ऐक की."

"ऐकलं. तरी नाही! बंद म्हणतात आणि आतून चालूच ठेवतात, लबाड कुठले!"

टोर्गाइर एकच ताटली कितीतरी वेळ पुसत राहिला.

कपाटात बाईंचे जुने, तारेचे हेडफोन होते. ते लावले असते तर मिनिटात उलगडा झाला असता. त्यांचा हात कपाटाच्या मुठीपर्यंत गेलाही होता. मग तो परत आला आणि त्या लिहायला बसल्या. लेखाला नाव दिलं, 'पाखरू कुणी खाल्लं?' चारही जोड्या नापास! संपादक फोनवर खूश झाला. असा खमंग लेख बऱ्याच दिवसांत आला नव्हता म्हणे. सोमवारी तो छापायला जायचा होता.

मी डबीत पडून चरफडत होतो. माझी काय चूक? राजा तर मी दारापर्यंत आणून सोडला होता! तेवढ्यात मनात आलं, मी आणून सोडला आणि आत कुणी घेतला नाही, याचा अर्थ काय? तो अर्थ कळला तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. मी निर्दोष ठरायला हवा, तर या बाईंचा कान गेला असं ठरायला हवं होतं. आणि त्या कानावर तर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं.

रविवारी तिकडे घराघरातली माणसं पायी फिरायला निघतात. बाईंची मुलगी इंगविल्ड आली होती. तिघं ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि जंगलात शिरली. आम्ही चारही जोड्या पिशवीत होतो. आधी उघड्या कानाने राजा ऐकायचा, मग आम्हाला घालून ऐकायचा आणि लेखात शेवटचा पुरावा जोडायचा, असा बाईंचा बेत.

एका मोठ्या झाडाखाली इंगविल्ड थांबली. "आई, घे तुझा पुरावा! डोक्यावरच बसलाय."

बाईंनी वर पाहिलं. "कुठे?"

"कुठे काय, गातोय की! केवढ्याने गातोय बघ."

"थांब जरा. बोलू नकोस."

ओढा वाहत होता. बाईंनी टोपी काढली, केस कानामागे सारले, मान वळवली.

"आता थांबला," त्या म्हणाल्या.

"नाही गं. चालूच आहे." इंगविल्ड हसली आणि आईचं तोंड पाहून तिचं हसू मावळलं. "आई? चेष्टा करतेस ना?"

बाईंनी घाईघाईने पिशवीतून आम्हालाच काढलं. बाहेरचा आवाज आत सोडायची आमची एक खुबी असते, ती चालू केली आणि पार शेवटपर्यंत वाढवली. मी सगळी दारं उघडली. वारा आत घेतला, इंगविल्डचा श्वास आत घेतला आणि राजाचा एकेक सूर कानाच्या दाराशी नेऊन ठेवला. घ्या हो, म्हटलं, एवढं तरी घ्या! त्यांनी घेतलं नाही. त्यांना घेता येतच नव्हतं. त्या क्षणी, मित्रांनो, मी खरोखरच पाखरू गिळलेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

बाई एका ओंडक्यावर बसल्या. आम्हाला काढून मुठीत धरलं.

"याने नाही खाल्ला," त्या म्हणाल्या. "कुणीच नाही खाल्ला."

टोर्गाइर शेजारी टेकला. त्याने थर्मास उघडला, कॉफी ओतली आणि कप त्यांच्या हातात दिला.

"मला तर कितीतरी वर्षं झाली," तो म्हणाला.

"काय?"

"राजा ऐकू येईनासा होऊन. ट्रामच्या घरघरीने नेला."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मग दर वसंतात मी इथे विचारते, ऐकलास का, तर हो म्हणतोस ते?"

"तुझ्या तोंडावर दिसायचं ना. तू अशी वर बघायचीस की मला कळायचं, गातोय."

"आणि या वर्षी?"

टोर्गाइरने कॉफीच्या वाफेकडे पाहिलं. "या वर्षी तू विचारलंच नाहीस."

गुन्वोरबाई रडल्या. आवाज न करता, कप दोन्ही हातांत धरून रडल्या. इंगविल्डने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं आई, लेख बदल आणि सोडून दे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की." त्यांनी डोळे पुसले. "लोक माझ्या कानावर विसंबून पैसे टाकतात, पोरी. नसलेल्या कानावर कसे टाकू देऊ?"

सोमवारी त्यांनी संपादकाला स्वतः फोन केला. नवा लेख लिहिला, त्यात तुलना सगळी होती. लाल जोडी पहिली आली आणि आम्ही दुसरे. आमचा दमाही छापून आला. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'चारही जोड्या पक्ष्याचा आवाज कानापर्यंत नीट आणतात. तो मला ऐकू आला नाही. वरचे स्वर माझ्या मुलीने तपासले. यापुढे ते मी जोखणार नाही.' पुढच्या तुलना मासिकाने दुसऱ्या कुणाला दिल्या. कौतुकाची पत्रं पुष्कळ आली, काम आलं नाही. दुपारी त्या टेबलाशी नुसत्या बसून राहत. ते बघवत नसे.

बाकीच्या जोड्या परत गेल्या. आम्हाला बाईंनी मासिकाकडून विकत घेतलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. आता आम्ही म्हातारे झालो. ट्राम शेवटच्या थांब्याला पोचेपर्यंत आमची बॅटरी मान टाकते आणि ती बदलताही येत नाही. तरी वसंतात आम्हाला जंगलात नेतात. एक बड गुन्वोरबाईंच्या कानात, एक टोर्गाइरच्या. खरं तर दोघांनाही आमचा काही उपयोग नाही. शेजारी इंगविल्ड बसते.

"गातोय का गं?" बाई विचारतात.

"गातोय. आधी वर चढतो, मग गिरकी घेतो आणि शेवटी असा झटकून टाकतो." मग ती खालच्या पट्टीत, तिला जमेल तसं, गाऊन दाखवते. तिला ते मुळीच जमत नाही. दोघं डोळे मिटून ऐकतात.

मित्रांनो, मला कानात घालाल तेव्हा आवाज बेताचा ठेवा. मी बिघडलो तर दुकानात दुसरा मिळेल, कानाचं तसं नाही. एवढं सांभाळूनही तुमच्या घरात कुणाला ऐकू येईनासं झालं आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?", तर "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. दोन मिनिटं शेजारी बसा आणि काय गातंय ते त्यांना सांगा.