फिकट येतंय

पुण्याहून आलेल्या प्रितीने पाठीवरची सॅक उतरवायच्या आतच पप्पांनी तक्रार मांडली. प्रिंटर बिघडलाय. चालतो, पण छपाई फिकट येते. आणि परवा आषाढ पौर्णिमा.

पौर्णिमेपासून नायगावच्या त्यांच्या चाळीमागच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं. तीन महिने, रोज संध्याकाळी, आणि वाचणारी आई. कमलाबाई वाचायला लागल्या की भांडणारी पोरंही गप्प बसायची, म्हणून तो मान दुसऱ्या कुणी कधी मागितला नव्हता. अलीकडे ग्रंथातली बारीक अक्षरं आईला जमेनात, तेव्हा पप्पांनी रोजचा भाग मोठ्या टायपात छापून द्यायला सुरुवात केली. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, पण दोन बोटांनी का होईना, मराठी टाइप करायला शिकला.

"आतापर्यंत काय काय केलंत?" प्रितीने विचारलं.

"काढला आणि परत टाकला."

"किती वेळा?"

"जेवढ्या वेळा फिकट आलं तेवढ्या वेळा."

"त्यांना दुसरं येतंय काय?" ओट्याकडून आई म्हणाली. "खोलायचं, पुसायचं, बसवायचं. माणूस खोलता येत नाही म्हणून मी वाचले."

प्रिती हसली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. तिच्या शाळेच्या वेळी घेतलेलं ते धूड चालू व्हायलाच एक चहा होई. आईने कप आणून दिला. कप काठोकाठ भरला होता, बशीतही चहा सांडला होता, आणि आईच्या बोटाचं टोक लाल झालं होतं. घाईत असेल, असं प्रितीला वाटलं.

स्क्रीनवर प्रिंटरांची रांगच लागली होती. तोच प्रिंटर, पुढे कॉपी एक, कॉपी दोन, कॉपी तीन, असं खाली खाली. पप्पा दर वेळी केबल वेगळ्या भोकात घालत होते आणि कॉम्प्युटर त्याच प्रिंटरला नवा पाहुणा समजत होता. प्रितीला याची गंमत वाटली. पुण्याच्या तिच्या प्रयोगशाळेत ती जसं करायची तसंच करायचं तिने ठरवलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अडकलेली जुनी कामं आधी पुसली, मग एकेक कॉपी काढली, शेवटी ड्रायव्हरही काढला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला.

"पप्पा, एखादा फिकट आलेला कागद द्या ना. तुलनेला."

"रद्दीत गेले सगळे," पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पण एक कागद तिथेच होता. प्रिंटर डगमगू नये म्हणून त्याच्या पायाखाली घडी करून घातलेला. प्रितीने तो ओढून उलगडला. अक्षरं अंगठ्याएवढी आणि काळी कुळकुळीत होती.

"हा त्यातलाच?"

पप्पा वाकून प्रिंटरच्या पायाखाली दुसरा कागद सरकवू लागले.

तोवर प्रिंटर नव्याने बसला होता. तिने चाचणीचं पान सोडलं. कोपऱ्यात रंगीत खूण, खाली ड्रायव्हरच्या फायलींची इंग्रजी नावं. प्रिंटरचा आवाज ऐकून आई पदराला हात पुसत आली.

"आलं का? आण इकडे."

प्रिती काही म्हणायच्या आत तिने पान उचललं, खिडकीपाशी नेलं आणि वाचायला लागली. पहिल्या दिवसाचा भाग. कपिलवस्तूचं वर्णन, शाक्यांचं कुळ. स्वच्छ आवाज, जिथे थांबायचं तिथे थांबत, अंगठा एकेका ओळीवरून खाली सरकवत. अंगठ्याखाली फायलींची नावं होती.

"आता बघा कसं ठळक आलंय," वाचन संपवून आई म्हणाली. "शिकलेल्या पोरीचा हात लागायला पाहिजे होता."

पप्पांनी प्रितीकडे बघून हलकेच मान हलवली. बोलू नको.

प्रिती त्यांना गॅलरीत घेऊन गेली. चाळकऱ्यांना घरं मिळणार होती त्या नव्या टॉवरचं काम समोर चालू होतं.

"कधीपासून?"

"शुगर आहे म्हणून डॉक्टर मागेच म्हणाले होते, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. ही म्हणाली, नव्या घरात गेल्यावर." या घरात सगळंच नव्या घरात गेल्यावर व्हायचं होतं. नवं कपाट, गळक्या नळाची दुरुस्ती, आणि डोळेसुद्धा. "डोळ्यात सुई मारतात असं कुणीतरी सांगून ठेवलंय तिला."

"आणि तुम्ही प्रिंटर खोलत बसलात?"

"दोष मशीनचा आहे म्हटलं की तिला झोप लागते," पप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "मलापण."

"पडदा एकदा गेला की परत टाकता येत नाही, पप्पा."

"पौर्णिमा होऊ दे."

"नाही."

ती आत आली. आई पानाची घडी घालून ग्रंथाच्या पांढऱ्या फडक्यात ठेवत होती.

"आई, तो कागद वाचनाचा नाही."

आईचा हात थांबला. तिने घडी उलगडली. पानावरून तळवा फिरवला, मग उलटून मागच्या बाजूवरूनही.

"कोरा आहे का गं?"

प्रितीने पान तिच्या हातातून काढून घेतलं. ती म्हणाली, "उद्या, सोमवारी सकाळीच दवाखान्यात जायचंय आपल्याला."

"काय उरलंय ते बघायला?"

"उरलंय तेवढं राखायला," प्रिती म्हणाली. काही उरलं असेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेली गोष्ट ती पहिल्यांदाच इतक्या खात्रीने बोलत होती.

पप्पा दारातून सगळं ऐकत होते. ते आत येऊन कॉम्प्युटरपुढे बसले, पहिल्या दिवसाचा भाग शोधला, अक्षरं आणखी मोठी केली आणि छापायला सोडला. पानावर जेमतेम चार ओळी मावल्या. शाई इतकी दाट की कागद ओलसर लागत होता. पप्पांनी तो आईच्या हातात दिला.

"आता कसं येतंय, कमल?"

आईने कागद उजेडाकडे धरला. जवळ आणला, लांब नेला, तिरका केला. पाठ असलेलं पहिलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती ते बोलली नाही.

"फिकट नाही हो," ती म्हणाली. "काहीच येत नाहीये."

पप्पा सवयीने प्रिंटरची केबल काढायला वाकले.