गुरुवारी आवाज येणार नाही

लहरीबाबाच्या खोलीत मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. शिंप्याच्या दुकानावरची लांबट खोली, मध्ये टेबल आणि टेबलावर काळं फडकं पांघरलेला रेडिओ. सूर्य बुडाला की बाबा फडक्याखाली हात घालून खुंटी पिरगळायचा. आधी नुसती खरखर, मग दोन घंटानाद आणि मग एका पुरुषाचा संथ, थकलेला आवाज. भाषा कुणालाच कळायची नाही. बाबाला मात्र कळायची. न कळून सांगतो कुणाला!

"आत्म्याला ना तार लागते, ना तिकीट!" बाबा डोळे मिटून म्हणाला. "ऐका, आवाज जातोय, येतोय. श्वास घेतोय तो! अक्का, तुमचा लेक सांगतोय, आई, गोळ्यांनी लहर अडते. गोळ्या सोड."

पहिल्या रांगेतल्या अक्काने रक्तदाबाच्या गोळ्या त्याच दिवशी सोडल्या. तिचा एकुलता एक मुलगा बोटीवर कामाला होता, तीन वर्षांपूर्वी समुद्रात गेला. प्रेत हाती लागलं नाही, आणि बाबाचं फावलं ते तिथेच.

अक्काचा धाकटा भाऊ दाराशी उभा होता. त्याने जन्मभर बोटींवर वायरलेस सांभाळली. निवृत्तीनंतर सोबतीला रेडिओच उरला होता. दूरदूरची केंद्रं शोधायची, काय ऐकलं ते वहीत टिपायचं, केंद्राला कळवायचं. वर्णन जुळलं तर तिकडून खात्रीचं कार्ड यायचं. त्याच्या पत्त्यावर दुसरं काहीच येत नसे. ते दोन घंटानाद ऐकून त्याने कान टवकारले.

"अक्का, हे कुठलं तरी केंद्र आहे गं," तो जिन्यात म्हणाला. "पाय बघ किती सुजलेत. गोळ्या घे."

"तुला ना बायको, ना पोर. तुला काय कळणार?" अक्का म्हणाली. "माझ्या घरी येऊ नकोस."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. आठवड्यातून एकदा तो तिच्याकडे जेवायचा, तेही संपलं. रोज सूर्य बुडताच तो घरच्या सेटवर मीडियम वेव्हचा काटा केसभर केसभर सरकवत बसे. चौथ्या संध्याकाळी सापडलं: दोन घंटानाद, तोच आवाज, प्रत्येक वाक्य दोनदा. केंद्रांच्या यादीत त्या जागी दूरच्या किनाऱ्यावरचं एक छोटं केंद्र होतं. त्याने पत्र धाडलं. मग पाच आठवडे तो टपालवाल्याची वाट बघत होता, आणि अक्का शिंप्याच्या जिन्यात दोनदा टेकून वर चढत होती.

अखेर कार्ड आलं, इंग्रजीत. 'वर्णन अचूक. ते मच्छीमारांसाठीचं हवामानाचं बातमीपत्र, वाचतो मीच. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी बंद राहू, शुक्रवारी ऐका. इतक्या लांब कुणी ऐकत असेल असं वाटलं नव्हतं. खोलीत मी एकटाच असतो.'

शेवटची ओळ त्याने तीनदा वाचली. मग एक चिठ्ठी लिहून, पाकिटात बंद करून तो अक्काच्या दारात गेला. "फार मागत नाही," तो म्हणाला. "शेवटच्या गुरुवारी बाबासमोर हे फोड."

त्या गुरुवारी सेटवर नुसती खरखर. बाबाने खुंटी पिरगळून पिरगळून घाम गाळला. "कुणाच्या तरी मनात पाप आहे! आत्मा रुसलाय!"

अक्काने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "'आज आवाज येणार नाही. उद्या येईल.'"

भावाने पुढे होऊन फडकं उचललं. खाली साधा जुना रेडिओ. "आवाज एका दूरच्या केंद्राचा, आज ते दुरुस्तीसाठी बंद आहे. दिवसा आकाशातला एक थर रेडिओच्या लहरी गिळतो," तो म्हणाला. "सूर्य बुडाला की तो विरतो, आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो कोस पलीकडे उतरतात. वाटेत त्या कमीजास्त होतात, तोच हा श्वास. म्हणून यांच्या आत्म्याला दिवसा कंठ फुटत नाही!"

बाबा पाणी मागू लागला. ते कुणीच दिलं नाही.

शुक्रवारी अक्का भावाच्या घरी आली. दोन घंटानाद झाले, आवाज आला.

"मग माझा मुलगा?"

"तो नाही गं, अक्का. तो गेला."

तीन वर्षांत हे तिला सरळ कुणी सांगितलंच नव्हतं. ती पोटभर रडली, मग पर्समधून गोळी काढून तिने पाण्याबरोबर घेतली.

दुःखी माणसाला आवाज हवा असतो, त्यात त्याचा दोष नाही. पण तो आवाज कुणाचा, हे विचारा. फडकं उचलून बघा. जे खरं असतं ते फडकं उचलल्याने पळून जात नाही.

भावाने ते कार्ड अक्काला वाचून दाखवलं, शेवटची ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. "त्याला लिही," ती म्हणाली, "इथे आम्ही दोघं ऐकतो."